ब्रेक प्रेशर सेन्सर तपासायचाय: ब्लूटूथ डोंगल की हँडहेल्ड स्कॅनर?

ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला आणि बिघाडाचा कोड ब्रेक प्रेशर सेन्सरचा निघाला, की लगेच नवा पार्ट घ्यायला पुण्यातली नाना पेठ गाठू नका. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर ब्रेक ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या हायड्रॉलिक युनिटच्या आतच असतो, सुटा मिळत नाही. निदान चुकलं तर अख्खं युनिट गळ्यात पडतं. म्हणून आधी लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचा त्या क्षणाचा आकडा बघायचा. प्रश्न एवढाच, कशावर?

मी दोन्ही वापरलेत. डोंगल गाडीच्या सॉकेटला लावायचा आणि आकडे फोनवर बघायचे; हँडहेल्डला स्वतःचाच स्क्रीन. डोंगल स्वस्त, खिशात मावणारा. पण फुकटची ॲप्स बहुतेक इंजिनाचे ‘पी’वाले कोडच दाखवतात, ब्रेकचे ‘सी’वाले कोड वाचायला तुमच्या गाडीच्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेलं ॲप लागतं, बहुधा विकतचं. ते जमलं तर ग्राफ फोनमध्येच राहतो, मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर धाडता येतो. ही सोय हँडहेल्डमध्ये सहसा नाही, हे मान्य.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. इंजिन चालू ठेवून पेडल हळूहळू दाबलं की प्रेशर शून्यापासून न अडखळता चढायला हवं, जोर लावला की १०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास किंवा पुढेही जावं आणि पाय उचलताच खाली यावं. माझ्या डोंगलवर पाय उचलून झाला तरी आकडा वरच रेंगाळायचा, मग एकदम शून्य. आता आळशी कोण, सेन्सर की डोंगल? ॲपमधले बाकीचे आकडे बंद करून फक्त प्रेशर ठेवलं, थोडा फरक पडला, शंका मात्र गेली नाही. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरल्याचा संशय असेल तर एकाने वायर हलवायची, दुसऱ्याने आकडा बघायचा. तिथे आकडा क्षणभर खाली पडतो तोच पकडायचा असतो; उशिरा येणारा आकडा काय कामाचा?

वायरवाल्या हँडहेल्डवर आकडा पायाबरोबर हलला. स्क्रीन जुनाट, मेनू किचकट, काहींना अपडेटचे वेगळे पैसे. तरी सेन्सर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत शून्य कॅलिब्रेशन (पेडल न दाबता आकडा शून्यावर बसवणं) करावं लागतं, तेही त्यातच झालं. महागड्या डोंगलवर आकडा रेंगाळण्याचा त्रास नसेलही. नुसते कोड वाचून गॅरेजला जायचं असेल, तर स्वस्तातलाही पुरे.

हँडहेल्ड घेताना दुकानदाराच्या ‘सगळ्या गाड्यांना चालतो’वर जाऊ नका. आपल्या मॉडेलसाठी एबीएस-ईएससीचा लाइव्ह डेटा आणि कॅलिब्रेशन दोन्ही उघडतात का, ते दुकानासमोरच गाडीला लावून बघा. पेडल दाबल्यावर आकडा मागे राहिला, तर तिथेच परत करा.