तरुण संघ की होस्टेलजवळची खोली? नाशिकमध्ये विद्यार्थ्यांचं काम सुरू करणाऱ्यासाठी

चर्चच्या पाळकसाहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं असेल, ‘कॉलेजच्या मुलांचं जरा काहीतरी बघा.’ त्या ‘काहीतरी’चे नाशिकात मुख्यतः दोन रस्ते आहेत. एक, रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्ये तरुण संघ भरवायचा. दुसरा, कॉलेजजवळच्या खोलीत मधल्या वारी सात-आठ जणांनी बसून बायबल अभ्यास करायचा. मी आधी चार वर्षं पहिला केला, मग तीन वर्षं दुसरा. दोन्हींत तोंडघशी पडलो आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी.

रस्ता निवडण्याआधी मुलं कोण आहेत ते बघा. ज्यांच्या आजीचं दृढीकरण (चर्चची पूर्ण सभासद होण्याचा विधी) शरणपूरला, म्हणजे नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत झालं, अशी नाशिकची मुलं वेगळी. सुरगाणा, पेठ, नवापूरहून आलेली, खोली करून किंवा होस्टेलवर राहणारी वेगळी. पहिल्यांना चर्च म्हणजे घरच. पण घरात जे बोलता येत नाही, ते चर्चमध्येही बोलता येत नाही. पास्टरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत) मामा असेल तर भाचा शंका कशाला काढेल? तरुण संघाच्या चार वर्षांत मला विचारला गेलेला सगळ्यात अवघड प्रश्न होता, ‘नाताळच्या नाटकाला माइक किती लागतील?’ खोलीत दुसऱ्याच महिन्यात एका मुलाने विचारलं, ‘आई दवाखान्यात होती तेव्हा रोज प्रार्थना केली, तरी ती गेली. आता काय म्हणून प्रार्थना करू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी अभ्यास बाजूला राहिला, आम्ही नुसते बसलो. तरी पुढच्या आठवड्यात तो आला.

होस्टेलच्या मुलांचं गणित निराळं. आडगावच्या किंवा महिरावणीच्या कॉलेजातून रविवारी सकाळी शरणपूर रोड गाठायचा म्हणजे सीबीएस बसस्थानकापर्यंत बस आणि पुढे पायपीट. त्यात रविवार हा कपडे धुण्याचा आणि स्पर्धा परीक्षांचा वार. ती येत नाहीत म्हणून ‘या पिढीला देवाची ओढ नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो प्रवास करून बघावा.

सोयीच्या बाबतीत चर्च सरळ पुढे आहे. हॉल, सतरंज्या, कीबोर्ड, चहा सगळं तयार. पालकही निर्धास्त असतात. खोलीला घरमालक असतो. आमच्या घरमालकांनी ढोलकीवर तिसऱ्या आठवड्यातच हरकत घेतली. मग गाणी हळू आवाजात एक-दोनच, आणि उरलेला तास वाचन. वाईट वाटलं, पण बोलणं त्यानंतरच मोकळं झालं. भाषेचाही प्रश्न सुटला. चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मराठी, गिटारवाल्यांना हवं हिंदी, नर्सिंगच्या मल्याळी मुलींना दोन्ही परकं. खोलीत वचन एकाने मराठीत वाचायचं, दुसरीने तिच्या भाषेत, आणि अर्थ मोडक्यातोडक्या हिंदीत सगळ्यांनी मिळून लावायचा.

खोलीची एक जोखीम मात्र हलक्यात घेऊ नका. ज्युनियर कॉलेजची मुलं 16-17 वर्षांची असतात. पालकांना विचारल्याशिवाय त्यांना बसवू नका, आणि मोठी माणसं नेहमी दोन असू द्या, त्यात एक बाई. कॉलेजच्या आवारात जमायचं तर प्राचार्यांची परवानगी घ्या. ख्रिस्ती नसलेला मित्र आला तर बसू द्या, पण घाई नको. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली होती. आणि कुणी बाप्तिस्म्याचं बोलू लागलं तर व्यवहाराचं आधी सांगा. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला हे नंतर दुसऱ्याकडून कळलं, तर तो तुमच्याकडे पुन्हा कशाला येईल?

आता ज्यावर दोन्ही रस्ते अडतात ते. पदवी बहुतेकांची तीन वर्षांची. पहिल्या वर्षी मूल यायला शिकतं, दुसऱ्या वर्षी मित्राला आणतं, तिसऱ्या वर्षी सीईटी आणि नोकरीच्या मागे लागतं. तरुण संघात याच्या उलट रोग असतो: केस पिकले तरी सेक्रेटरी तोच. माझी पहिली खोली बंद पडली कारण सगळं मीच करत होतो. दुसरी टिकली कारण दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे अभ्यास सोपवला आणि मी चहा करू लागलो. ती चुकायची, मी गप्प बसायचो. हे गप्प बसणं मला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू! शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकन तरुण 1874 मध्ये आफ्रिकेत वारलेले मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन यांचा देह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. त्या मानाने आपण मुलांना हॉलची किल्ली द्यायलाही बिचकतो.

तिसरा पर्याय ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेशी जोडून घेण्याचा: एससीएम म्हणजे स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट (1912), कॅथलिक मुलांसाठी आयकफ म्हणजे ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन (1924), युईएसआय म्हणजे युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया (1954). शिबिरं आणि अनुभवी माणसं मिळतात, एकटेपणा जातो. मराठीत साहित्य किती आहे ते आधी विचारून घ्या. पण हे खोलीला किंवा संघाला जोड म्हणून. दर आठवड्याला मुलांसोबत बसायला तुम्हीच लागता.

मला विचाराल तर, मुलं बहुतेक नाशिकच्या घरांतली असतील तर तरुण संघच करा, फक्त वार आणि विषय त्यांना ठरवू द्या, आणि कमिटीतल्या नातेवाइकांना त्या तासापुरतं दूर ठेवा. निम्म्याहून जास्त होस्टेलची असतील तर खोली घ्या, आणि पहिल्याच महिन्यात पाळकसाहेबांना तिथे चहाला न्या, म्हणजे ‘वेगळी चूल मांडली’ ही कुजबुज उठणार नाही. सुरुवात जूनमध्ये नको, तेव्हा सगळे प्रवेशाच्या रांगेत असतात. जुलैअखेरीस एखादा गुरुवार धरा, संध्याकाळी सहाला, आणि मुलींच्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.