यूब्लॉक ओरिजिन: पानावरच्या जाहिरातींवर जालीम, कोपऱ्यातल्या चौकटीपुढे निरुपयोगी

घरच्या कॉम्प्युटरवर जाहिरातींचा सुळसुळाट झाला की सोलापुरात ठरलेला उपाय एकच. मशीन उचलायचं, नवी पेठेत नाहीतर सात रस्त्याला दुकानात न्यायचं आणि फॉरमॅट मारून आणायचं. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. याचं कारण साधं आहे. विंडोज नवं झालं तरी क्रोममध्ये त्याच गूगल खात्यानं साइन-इन केलं की सिंकमधून (खात्यात साठवलेल्या सेटिंगमधून) जुनी एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आपोआप परत येतात. त्यातलंच एखादं जाहिराती आणणारं असेल तर फॉरमॅटचे पैसे पाण्यात. त्यापेक्षा घरीच अर्धा तास काढावा. त्यासाठी लागणारं मुख्य हत्यार फुकट आहे: यूब्लॉक ओरिजिन.

रेमंड हिल यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं हे जाहिराती रोखणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) एक्स्टेंशन आहे. ते देणगीही घेत नाहीत, आणि पैसे घेऊन ठराविक जाहिराती सोडायचा प्रकार यात नाही. पण नावात फसू नका. नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळ्यांचं आहे. आपल्याला ‘ओरिजिन’ शब्द असलेलंच हवं. नकली माल खुद्द क्रोमच्या दुकानातही शिरतो. 2017 मध्ये ‘अॅडब्लॉक प्लस’ नावाचं बनावट एक्स्टेंशन तिथून सुमारे 37 हजार जणांनी घेतलं होतं.

कोणत्या ब्राउझरवर घालता त्यावर बरंच अवलंबून आहे. क्रोमनं 2025 मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद केली, त्यामुळे तिथे पूर्ण यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही. ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळतं. लाइट वाईट नाही, मात्र काय अडवायचं हे सांगणाऱ्या त्याच्या याद्या एक्स्टेंशनची नवी आवृत्ती येईल तेव्हाच बदलतात. लाइट वापरणार असाल तर मोड ‘बेसिक’वर ठेवू नका, ‘ऑप्टिमल’ करा. आमचा स्पष्ट सल्ला मात्र फायरफॉक्सचा. तिथे पूर्ण यूब्लॉक चालतं आणि पॉपअप खिडक्यांवरचा फरक लगेच कळतो.

फायरफॉक्समध्ये घातल्यावर सेटिंगमध्ये एक बदल हातानं करावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक जण करत नाहीत. यूब्लॉकचा डॅशबोर्ड (सेटिंगचं पान) उघडा, ‘फिल्टर लिस्ट्स’मध्ये जा, खाली प्रदेश आणि भाषांच्या गटात ‘इंडियनलिस्ट’ आहे, तिथे टिक करा आणि वरचं ‘अप्लाय चेंजेस’ दाबा. ब्राउझर इंग्रजीत असेल तर ही यादी आपोआप लागत नाही, आणि मग मराठी-हिंदी साईटवरच्या खास इकडच्या जाहिराती न अडता सुटून येतात. सोलापुरात तर तेलुगू आणि कन्नड पानंही घराघरांत उघडली जातात, तेव्हा ही टिक हवीच. एखादी साईट तरीही क्लिकगणिक नवी खिडकी उघडत असेल तर यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारून ‘मोअर’ दाबा. खालच्या ओळीत त्या साईटपुरते सगळे पॉपअप बंद करायचं बटण आहे.

आता उणीव. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून सरकत येणारी चौकट यूब्लॉक थांबवत नाही, आणि घरोघरची तक्रार बहुतेक वेळा तिचीच असते. लाल त्रिकोण, ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’, शेजारी नामवंत अँटिव्हायरसचं चिन्ह. जरा थांबून त्या चौकटीतली बारीक अक्षरं वाचा: तिथे ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी साईटचा पत्ता असतो. म्हणजे हा व्हायरसही नाही आणि पानावरची जाहिरातही नाही. कधीतरी दिलेल्या परवानगीवर आलेलं ते नोटिफिकेशन आहे. फुकट तेलुगू सिनेमे दाखवणाऱ्या साईटवर ‘पुढे जायला अलाऊ दाबा’ असं येतं, मुलं दाबतात, आणि पुढचे कित्येक महिने घरातले सगळे ती चौकट बंद करत बसतात. हा निरोप पानातून येत नाही, ब्राउझरच्या स्वतःच्या निरोप-यंत्रणेतून येतो. म्हणून जाहिरात रोखणारं कुठलंही एक्स्टेंशन इथे हात टेकतं.

उपाय दोन मिनिटांचा. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साईटची यादी दिसेल. जीमेल वगैरे ओळखीचं सोडून प्रत्येकापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘ब्लॉक’ करा. नुसतं ‘रिमूव्ह’ केलं तर ती साईट पुन्हा विचारू शकते. मग वरती कोणत्याच साईटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्याय निवडा. फायरफॉक्समध्ये हेच ‘परमिशन्स’खाली आहे, तिथे नवीन विनंत्या अडवायची चौकोनी टिकही मारून टाका.

एवढं करूनही ब्राउझर आपोआप उघडत असेल किंवा मुखपृष्ठ बदलत असेल, तर कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बसलेलं आहे. बहुधा फुकट मराठी फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा पीडीएफ कन्व्हर्टर भलत्याच साईटवरून घेताना ते सोबत आलेलं असतं. ‘इन्स्टॉल्ड अॅप्स’ तारखेनुसार लावा, त्रास सुरू झाला त्या सुमाराचं अनोळखी काढा. मग ‘अॅडडब्ल्यूक्लीनर’ चालवा. मालवेअरबाइट्सचं हे छोटं साधन इन्स्टॉलही करावं लागत नाही. साफ करताना ते चालू प्रोग्रॅम बंद करतं, म्हणून टॅली उघडं असेल तर काम सेव्ह करून आधी बाहेर पडा. लॅपटॉप कंपनीनं घालून दिलेली सॉफ्टवेअर ते वेगळी दाखवतं. हवी असतील त्यांच्यापुढे टिक नाही ना, ते बघा.

शेवटी क्रोमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. ओळीच्या शेवटी क्रोमच्या फाइलच्या नावानंतर एखाद्या साईटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा. बारीकशी गोष्ट आहे, पण सगळं साफ करूनही उरलेलं दुखणं कित्येकदा इथंच असतं.

यूब्लॉकमुळे कधीकधी बँकेचं पान किंवा परीक्षेचा फॉर्म अडतो. पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या साईटवर हे होऊ शकतं. तेव्हा एक्स्टेंशन काढून टाकू नका. त्या साईटवर असताना चिन्ह उघडून मोठं पॉवरचं बटण दाबा आणि पान रिफ्रेश करा. बंदी तेवढ्याच साईटपुरती उठते. रोज वाचता त्या वर्तमानपत्राच्या साईटवरही ती उठवावी असं आम्हाला मनापासून वाटतं, बातमीदारांचा पगार त्याच जाहिरातींतून निघतो.

आणि पूर्ण स्क्रीन व्यापून, भोंगा वाजवत ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर जुनी पानं ‘रिस्टोअर’ करू नका. फोन होऊन पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.