अकाउंट हँडलिंगवाल्याला, म्हणजे तुमचं शेअर ट्रेडिंगचं खातं मी चालवतो म्हणणाऱ्याला, पासवर्ड द्यायच्या आधी हे वाचा

आमच्या मेव्हण्यासोबत झालं, तुमच्यासोबत होऊ नये म्हणून लिहून राहिलो. नागपुरात मनीष नगरला राहतो, नोकरी बरी, थोडेफार शेअर घेऊन ठेवलेले. टेलिग्रामवर एक जण भेटला, मग धरमपेठेत तर्री पोहे खायला पण आला, गोड बोलणारा, म्हणे दादा तुम्ही ऑफिस सांभाळा अकाउंट मी सांभाळतो, नफ्यात चाळीस टक्के माझे बस. आयडी-पासवर्ड दिला, ओटीपी तो रोज सकाळी फोन करून विचारून घ्यायचा.

सुरुवातीला नफाच नफा, अन् त्याचा हिस्सा तो दर शुक्रवारी न चुकता यूपीआयवर मागून घ्यायचा. खरी गोम इथंच आहे भाऊ. नफा झाला की चाळीस टक्के त्याचे, बुडाले तर सगळे तुमचे, मग तो स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) कायले लावते? एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी, अख्खं कॅपिटल एकाच कॉलमध्ये, म्हणजे भाव वाढेल या पैजेच्या ऑप्शनमध्ये, टाकून मोकळा.

एक दिवस खातं साफ. म्हणे मार्केटच पडलं. मग आम्ही कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर पाठवतो ती दिवसाच्या सौद्यांची बिलं, काढल्या, रोज ईमेलवर येऊन पडलेल्या, कोणी उघडल्याच नव्हत्या. त्यात एका शेअरचा पुट, म्हणजे भाव पडेल या पैजेचा ऑप्शन, तोही चालू भावापासून लांबच्या स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा), जिथं दिवसभर कोणी फिरकत नाही, तो 42 ला घेतला अन् दोन मिनिटांत 6 ला विकला, हेच परत परत. समोरचं खातं कोणाचं ते आपल्याला दिसत नाही. पण जिथं गिऱ्हाईकच नाही तिथं महाग घेऊन स्वस्त विकलं की पैसा सरळ समोरच्याच्या खात्यात जातो, मार्केट पडायची गरजच नाही.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा 2024 चा अभ्यास, तीन वर्षांत एफअँडओतले (फ्युचर्स-ऑप्शन्समधले) 93 टक्के किरकोळ ट्रेडर लॉसमध्ये, हे मेव्हण्यानंच मला सांगितलं होतं. म्हणूनच एक्स्पर्टकडे दिलं म्हणे, आता काय बोलावं!

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर टाकली, ब्रोकर म्हणते पासवर्ड तुम्हीच दिला. त्या हँडलिंगवाल्यानं दाखवलेला आयएनएचवाला सेबी नोंदणीचा नंबर खरा असता तरी तो रिसर्च अ‍ॅनालिस्टचा असते, त्यावर दुसऱ्याचं खातं चालवता येत नाही. तुमच्या वतीनं पैसा सांभाळायचं लायसन्स पीएमएसवाल्याकडे (पोर्टफोलिओ मॅनेजरकडे) असते अन् तिथं कमीत कमी 50 लाख लागतात, तीन-चार लाखांवर कोणी हे करून देतो म्हणाला तर तिथंच उठा.

अन् ज्यांनी आधीच दिलं आहे त्यांनी पासवर्ड आत्ता बदला, मग कॉन्ट्रॅक्ट नोटची पीडीएफ उघडा, बहुतेक पॅन नंबर टाकला की उघडते, त्यात खरेदी अन् विक्रीची वेळ अन् भाव शेजारी शेजारी ठेवून पाहा.