स्कीचं किट : रुपये १८,५०० फक्त

मी एका कारखान्यात हिशेब बघते. ठेकेदाराच्या बिलावर जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकला तरी बिल परत पाठवणारी बाई अशी माझी ख्याती आहे. त्याच मी गेल्या डिसेंबरात ७४,००० रुपये एका माणसाच्या खासगी खात्यात यूपीआयने भरले आणि साधी पावतीही मागितली नाही. ऑफिसात हे अजून कुणाला ठाऊक नाही. पण हंगाम पुन्हा तोंडावर आलाय, आणि पुण्या-मुंबईकडून पहिल्यांदाच स्की शिकायला निघालेल्या बऱ्याच घरांत आत्ता बॅगा भरायची चर्चा चालू असणार. म्हणून लिहिते.

आम्ही चौघं. मी, नवरा, नववीतली लेक आणि धाकटे दीर. गुलमर्गला पाच दिवसांचं नवशिक्यांचं शिबिर, जानेवारीत. आयोजक तिशीतला मुलगा, बोलण्यात साखर. पहिल्या फोनपासून मला ‘ताई’. सहलीचे पैसे त्याने खरंच वाजवी घेतले. हॉटेल, गाडी, शिकवणाऱ्याची फी सगळं धरून इतरांपेक्षा कमीच. माझा संशय तिथेच झोपी गेला. पुढे कळलं की सहलीवर तो फारसं कमवतच नव्हता. कमाई होती ती यादीत.

ती यादी पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ‘स्की किट : २१ वस्तू (अनिवार्य)’. जॅकेट, पॅन्ट, थर्मल, स्की बूट, हातमोजे, गॉगल, मोज्यांचे तीन जोड, गरम पुड्या, ‘हिमस्खलन सुरक्षा संच’, असं बरंच काही. खाली ओळ होती : यातली एक वस्तू जरी नसली तरी तिथल्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार उतारावर सोडत नाहीत. सुटं घ्यायला गेलात तर माणशी चाळीस हजार, आमच्याकडून १८,५००. मी एवढंच विचारलं, की बूट आम्ही इथल्या दुकानात पायात घालून घेतले तर चालतील का? उत्तर आलं, ‘‘ताई, स्कीचे बूट इथे मिळत नाहीत. डोळे झाकून घ्या.’’ झाकले आणि चौघांचे ७४,००० भरले.

आता यातली पहिली गोम. स्कीचे बूट पहिल्या सहलीला कुणीच विकत घेत नाही. स्की, बूट आणि काठ्या हा एकच संच असतो आणि तो गुलमर्गमध्ये दिवसाच्या भाड्याने मिळतो. हेल्मेटसुद्धा. हे मला माहीत नव्हतं आणि मला माहीत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसरी गोम, खोकं यायला उशीर. ‘माल अडकलाय ताई’ असं करत करत ते निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आलं. एकीकडे पोळ्या-चटणीचे डबे भरणं, दुसरीकडे विमानात किती किलो चालतं याची घालमेल. कोण उघडून तपासतंय! जॅकेट लालभडक, छातीवर ‘१०,००० एमएम वॉटरप्रूफ’ आणि ‘उणे ३०’ असं छापलेलं. लेक खूश. मीही.

श्रीनगरहून गुलमर्गला जाताना टंगमर्ग लागतं. तिथून वर तेरा किलोमीटर घाट. गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे खिडकीशी येतात. आमच्या ड्रायव्हरने विचारलं, ‘‘कोट-बूट लेना है?’’ दीर ऐटीत म्हणाले, ‘‘सब है अपने पास.’’ हे वाक्य पुढचे चार दिवस आम्ही त्यांना ऐकवत होतो.

चिल्लई कलान चालू होतं. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरमधले सगळ्यात कडाक्याचे. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर. सकाळी साडेनऊला गोल्फच्या मैदानालगतच्या सपाट उतारावर आम्ही रांगेत उभे राहिलो. शिकवणारे काका तिथलेच, चेहरा उन्हाने रापलेला. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग दिरांच्या, मग लेकीच्या. काही बोलले नाहीत. खाली बसले, अंगठ्याने माझ्या बुटाचा पुढचा भाग दाबला. अंगठा आत गेला. मग आपल्या बुटावर स्कीची काठी आपटली. टक, टक. घागरीवर वाजावी तशी. ‘‘मॅडम, ये तो घूमने का जूता है.’’

स्कीचा बूट टणक प्लॅस्टिकचा असतो, पुढे तीन-चार खटके. त्याच्या टाचेची आणि चवड्याची कडा स्कीवरच्या पकडीत बसते. जोरात पडलात की ती पकड सुटते, म्हणून पाय पिरगळायचा धोका कमी होतो. ती किती घट्ट ठेवायची ते तुमचं वजन आणि बुटाची लांबी बघून ठरवतात. (तिथे बायांनो, वजन खरं सांगा. चारचौघांत मीही पाच किलो कमी सांगितलं, मग काकांच्या कानाशी जाऊन दुरुस्त केलं.) आमचे बूट होते चेनचे, आत केसाळ अस्तर असलेले. त्यात स्की बसणं शक्यच नव्हतं.

मुकाट्याने भाड्याच्या दुकानात गेलो. तिथे तिसरी गोम. यूपीआय करायला गेले तर फोनला रेंज नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. चौघांचीही प्रीपेड. कार्ड काढलं तर ओटीपी येणार कुठे? आमच्याच तुकडीतल्या साताऱ्याच्या एका कुटुंबाकडे पोस्टपेड होतं, त्यांनी आमचे पैसे भरले. एकवीस वस्तूंच्या यादीत ही एक ओळ असती तर मी त्याला निम्मे गुन्हे माफ केले असते.

दुकानदाराने पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली. स्कीच्या बुटाचा नंबर तोच असतो, माझा २४.५. पाय आत जाईना. कारण आयोजकाच्या सूचनेप्रमाणे मी जाडजूड मोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवले होते. काकांनी एक काढायला लावला. घट्ट बुटात दोन मोजे घातले की चुण्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. गुडघ्याखालपर्यंत येणारा, फार जाड नसलेला एकच मोजा. तीन जाड जोडांपेक्षा असे दोन बरे, एक पायात, एक वाळत.

मग पडायला सुरुवात झाली. जाहिरातीत कुणी दाखवत नाही, पण नवशिक्याचा पहिला दिवस बर्फावर उभं राहण्यात कमी आणि बसण्यात जास्त जातो. त्यामुळे सगळ्यात आधी उघडं पडतं ते पॅन्टचं बूड आणि हातमोजे. अकरा वाजेपर्यंत माझी पॅन्ट शिवणीतून पाणी प्यायला लागली होती. लेकीचे हातमोजे म्हणजे कापडात भरलेला स्पंज. तिची बोटं पांढरी पडली. चहाच्या टपरीवाल्याने आपल्या फेरनखालची, म्हणजे काश्मिरी लांब झग्याखालची, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बाहेर काढून तिच्यापुढे ठेवली. बोटांत रक्त परत येताना ती ज्या कळवळून रडली, ते आठवलं की अजून आयोजकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

गरम पुड्या काढल्या. त्यांत लोखंडाची भुकटी असते. पाकीट फोडलं की हवेने ती गरम होत जाते, म्हणूनच त्या हवाबंद असतात. आमच्या दहांपैकी सात दगडासारख्या. तारखेवर पांढरा कागद चिकटवलेला, नखाने खरवडला तर मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

खरा राग मात्र गॉगलचा. एकाच काचेचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच, त्यावर ‘यूव्ही’ लिहिलेला स्टिकर. श्वासाने तो आतून धूसर व्हायचा म्हणून लेकीने दुपारभर कपाळावर चढवून ठेवला. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकू शकतो, आणि जसजसं उंच जावं तसतसे हे किरण वाढतात. दिवसा तिला काही जाणवलं नाही. रात्री आठनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग, पाणी, उजेड सहन होईना. अंधाऱ्या खोलीत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून तिच्याशेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, दोन दिवसांत उतरलं. शिबिराचे तिचे दोन दिवस गेले. चांगला गॉगल दुहेरी काचेचा असतो, सहसा धुरकटत नाही, आणि तो भाड्याने न घेता स्वतःचाच असावा असं आता माझं ठाम मत आहे. हातमोज्यांचंही तेच.

त्याच रात्री पावती सापडली. दिरांची दिवसभर तक्रार, की त्या केसाळ बुटात एक पाय एक नंबर लहान आहे. बुखारीशेजारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) वाळत घालताना नवऱ्याने आत हात घातला आणि चवड्यातून कागदाचा बोळा काढला. आकार टिकावा म्हणून कोंबतात तो. दीर तो बोळा पायाखाली घेऊनच टंगमर्गपासून चालत होते. बोळा फेकणार तेवढ्यात मला निळी कार्बनची अक्षरं दिसली. सवय! उलगडला. घाऊक बाजारातली कच्ची पावती, दुकानाचं नाव नाही, नुसते दर. जॅकेट ६५०. पॅन्ट ३८०. बूट फर ४१०. थर्मल जोड २६०. हातमोजे ९०. गॉगल ७०. मोजे ४० प्रमाणे ३, १२०. बुखारीच्या उजेडात मी बेरीज केली, १,९८०. पुन्हा केली. उरलेल्या वस्तूंत माकडटोपी, एक पातळ पिशवी असलंच काही, आणि तो ‘हिमस्खलन सुरक्षा संच’. म्हणजे एक शिट्टी आणि एक टॉर्च. वर अफरवट डोंगराच्या उतारांवर मोकळ्या बर्फात जाणारे लोक अंगावर संदेश देणारं यंत्र, लांब काठी आणि फावडं घेऊन जातात आणि ते वापरायला शिकलेले असतात. खालच्या सपाटीवर पडत-उठत शिकणाऱ्याला यातलं काही लागत नाही. शिट्टीचा उपयोग दिरांनी तुकडीला चहाला बोलावण्यासाठी केला.

हॉटेलच्या वायफायवरून त्याला फोटो पाठवला. निळ्या खुणा लगेच. उत्तर सकाळी : ‘ताई, तुम्ही आनंद घ्या, आल्यावर बोलू.’

घरी आल्यावर सासूबाईंनी थर्मलवरची ‘१०० टक्के मेरिनो लोकर’ ही चिठ्ठी वाचली. शिवणीतून एक धागा ओढला आणि चिमट्यात धरून गॅसवर नेला. धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. ‘‘लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि बोटांत चुरडली असती,’’ म्हणाल्या. गंमत म्हणजे त्या संचात काम केलं ते या थर्मलनेच. पॉलिस्टर घाम धरून ठेवत नाही, म्हणून अंगालगत ते चालतं. वाईट असतं ते सुती. सुती बनियन, जीन्स हे तिथे ओले झाले की दिवसभर वाळत नाहीत. अंगालगत थर्मल, वर फ्लीसचा मऊ ऊबदार थर, त्यावर पाणी न शिरणारं कवच, एवढ्यावर भागतं. आणि ‘१०,०००’ हा आकडा छातीवर छापता कुणालाही येतो. त्याचा अर्थ चाचणीत कापडाने दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलला. खरं जॅकेट आतून उलटं करा, प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली दिसेल. आमच्या जॅकेटच्या शिवणी उघड्या होत्या. न्हाणीघरात बाहीवर तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी डिसेंबरातच समजलं असतं.

पैशांचं सांगते. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले आणि माल मिळाला, हा मालाचा वाद. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, वकिलाकडून नोटीस धाडली. त्यावर त्याने २०,००० परत केले आणि ‘बाकीचे तुम्ही वापरलेत ना ताई’ असा निरोप दिला. जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. बिल नाही, पण यूपीआयची नोंद, यादीतला ‘अनिवार्य’ हा शब्द आणि बुटातला बोळा आहे. बोळा मी इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलाय.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने यंदाच्या तुकडीची यादी मला पुढे पाठवली, ‘तू जाऊन आलीस ना, बघ बरं ठीक आहे का’ म्हणून. तीच यादी, तोच ‘अनिवार्य’. किंमत आता १९,५००. वस्तू मात्र २२ झाल्यात. शेवटची नवी आहे : पोस्टपेड सिम.