रोलचा जुना कॅमेरा घ्यायचाय : इलेक्ट्रो ३५ की के१०००?

वेरुळच्या सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासच्या चौकात, दुपारी तीनच्या सुमाराला उभं राहून बघा. वर उन्हानं पांढरं पडलेलं आकाश, तिन्ही बाजूंना काळ्या दगडाचे कडे, आणि मधल्या मंदिराच्या अर्ध्या अंगावर ऊन. गेल्या जानेवारीत मी तिथं दोन जुने कॅमेरे घेऊन गेलो होतो, याशिका इलेक्ट्रो ३५ आणि पेंटॅक्स के१०००. दोन्हींत एकाच कंपनीचा २०० आयएसओचा रंगीत रोल होता (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्याचा आकडा). चौकातल्या दगडी हत्तीचा फोटो दोन्हींनी काढला. रोल धुऊन आले तेव्हा इलेक्ट्रोच्या फोटोत आकाश सुरेख आणि हत्ती म्हणजे नुसता काळा गोळा. निगेटिव्हवर त्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. के१०००च्या फोटोत आकाश पांढरंफट्ट उडालं होतं, पण हत्तीच्या अंगावरच्या छिन्नीच्या खुणा स्पष्ट होत्या.

याचं कारण दोन्हींच्या रचनेत आहे. इलेक्ट्रोचा प्रकाश मोजणारा डोळा कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलेला आहे. तो समोरचा सगळा उजेड एकत्र धरतो आणि शटरचा वेग स्वतःच ठरवतो. तुमच्या हातात फक्त ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते. आकाश मोठं आलं की तो फसतो. के१०००चा मीटर लेन्समधून आलेला उजेड मोजतो. मी कॅमेरा आधी नुसत्या दगडाकडे वळवला, बघायच्या खिडकीतली मीटरची सुई मधोमध आणली, आणि वेग-ॲपर्चरचे आकडे तसेच ठेवून हत्तीकडे वळलो. इलेक्ट्रोत हेच साधायचं तर एएसएची (हे आयएसओचंच जुनं नाव) चकती मुद्दाम खाली आणावी लागते, २०० चा रोल असताना ५० वर, आणि फोटो झाला की आठवणीनं परत जागेवर.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला मात्र उलटं झालं. (अजिंठा सोमवारी आणि वेरुळ मंगळवारी बंद असतं, जोडून जाणार असाल तर वार बघून निघा.) आत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. १८४०च्या दशकात मेजर रॉबर्ट गिल तिथल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि पुढं त्यानं लेण्यांचे फोटोही काढले. फिल्मऐवजी वापरायच्या त्या काळच्या काचांवर त्या अंधारात त्यानं ते कसं साधलं असेल, हा विचार तिथं उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात येतोच. मी ४०० चे रोल भरले होते. के१०००ची सुई अंधारात दिसेना, कारण आत दिवा नाही. शिवाय खटका दाबला की लेन्समधलं दृश्य डोळ्याला दाखवणारा आरसा धाडकन उचलला जातो आणि मंद वेगाला हात हलतो. इलेक्ट्रोत आरसाच नाही. १.७ ची, म्हणजे भरपूर उजेड घेणारी उघडी लेन्स आणि टिचकीएवढा आवाज. पिवळा दिवा लागला म्हणजे वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा कमी झाला, एवढं कळतं. कोपरं छातीशी धरायची, श्वास रोखायचा आणि दाबायचं. त्या रोलमधले सहा फोटो मी भिंतीवर लावलेत.

मग पहिला कॅमेरा कोणता घ्यावा? माझ्या मते के१००० किंवा त्याच्यासारखा यांत्रिक एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा. याचं कारण आपण राहतो त्या मराठवाड्यातलं आहे.

इलेक्ट्रोचं सगळं बॅटरीवर. तिची मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. मी घड्याळजीकडून एलआर४४ चे चार बटण-सेल आणतो, ते एकावर एक रचून कागदाच्या नळीत गुंडाळतो आणि उरलेली जागा ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानं भरतो. सहा व्होल्ट होतात आणि काम चालतं. पण सेल संपले की ऑटोवर शटर एकाच वेगाला चालतं, १/५०० ला (सेकंदाचा पाचशेवा भाग). भर उन्हात ४०० चा रोल असेल तर यातूनही निभावतं. कारण कडक उन्हाचा जुना नियम असा की ॲपर्चर १६ वर ठेवायचं आणि वेग रोलच्या आकड्याएवढा, म्हणजे ४०० ला साधारण १/५००. आपल्याकडे दिवाळीपासून मेपर्यंत दुपारी हा नियम डोळे झाकून चालतो. संध्याकाळी मात्र इलेक्ट्रो थांबते. के१०००ला एकच एलआर४४ लागतो आणि तोही फक्त सुईसाठी. सेल नसला तरी एक सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग चालतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत, घोडे पळवून दाखवतात तिथं, सेल संपलेला असताना मी अख्खा रोल याच नियमावर काढला. एक सांभाळा : के१०००ला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण लावलं नाही तर उजेडात सेल संपत राहतो.

दुरुस्तीतही हाच फरक आहे. जुन्या स्टुडिओवाल्यांतले काही जण यांत्रिक शटर अजून उघडून साफ करतात. इलेक्ट्रोच्या आतली रबराची एक बारीक गादी काळानं विरघळते आणि मग मीटर वेडावाकडा चालतो. ती बदलणारा माणूस शोधत पुण्या-मुंबईला जावं लागतं. म्हणून इलेक्ट्रो घेताना फिल्म पुढं सरकवायचा खटका ओढून कान द्या. आतून ‘टक्’ असा जाड आवाज आला तर गादी शाबूत आहे.

झेनिट-ई के१०००पेक्षा स्वस्तात मिळतो. रशियन, लोखंडासारखा जड, सेल नकोतच. त्याची हेलिओस लेन्स माणसांच्या फोटोंना फार सुंदर. पण वेग फक्त १/३० ते १/५००, आणि फोकस करून झाल्यावर लेन्सची कडी हातानं फिरवून ॲपर्चर बंद करावं लागतं. पेशन्स असेल तर जरूर घ्या. आजोबांच्या कपाटात आग्फा क्लिक थ्री सापडला असेल तर तो विकू नका. १२० च्या रुंद रोलवर बारा चौकोनी फोटो येतात, पण रोल आणि धुलाई दोन्ही नेहमीच्या ३५ एमएमच्या रोलपेक्षा अवघड. याशिका एमएफ-२ सारखे प्लास्टिकचे कॅमेरे लग्न-बारशाला, मित्रांच्या सहलीला झकास. शिकायला मात्र त्यात काही नाही.

कुठलाही जुना कॅमेरा हातात घेतला की मागचं दार उघडा, शटर आणि लेन्स दोन्ही पूर्ण उघडी ठेवा आणि मोबाईलच्या टॉर्चनं आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून आलेल्या मालात ती जास्त आढळते, आपल्या कोरड्या हवेत कमी, पण ट्रंकेत पाच पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्याचा भरवसा धरू नका. दाराच्या कडेच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल. हे काम घरी होतं, घाबरू नका. सेलच्या खणात हिरवी पूड असेल तर भाव पाडून मागा. नांदेडकरांना गुरुवारचा हैदराबादचा जुम्मेरात बाजार जवळ पडतो, संभाजीनगर-बीडकडच्यांना पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण मला सगळ्यात चांगला माल बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंत मिळाला.

खर्चाचा हिशेब आधीच करा. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर धरून एका रोलला हजार ते दीड हजार सहज जातात. ३६ फोटोंनी भागलं तर एका खटक्याला तीस-चाळीस रुपये. स्टुडिओवाल्याकडचा मुदत संपलेला रोल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. पत्र्याखाली दहा उन्हाळे काढलेल्या रोलवर नुसतं धुकं येतं. एप्रिल-मेत भरलेला रोल गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही आणि काढून झालेला रोल लगेच धुवायला पाठवायचा.

कृष्णधवल रोल घरीच धुवा, खर्च निम्म्यावर येतो. मला त्यात पाण्याची धास्ती होती. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरकरांनी प्यायलंय. ते बघितलेल्या माणसाला नळ अर्धा तास चालू ठेवून फिल्मवरची रसायनं धुणं जमत नाही. इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत यावर नेमकी आहे : हायपोनंतर (चित्र पक्कं करणारं रसायन) फिल्म धुवायची टाकी पाण्यानं भरून पाच वेळा उलटीपालटी करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीनशे मिलीच्या टाकीला एक लिटरसुद्धा लागत नाही. शेवटचं खळबळणं मात्र बोअरच्या पाण्यानं करू नका, क्षाराचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर कायमचे बसतात. गॅरेजात मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, त्यासाठी वापरा. डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंश लागतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बादलीतलं पाणी आपोआप तेवढ्यावर असतं, मेमध्ये बर्फाचे खडे घातलेल्या परातीत टाकी ठेवावी लागते.

अजून एक, कारण यात माझा देवगिरीचा अख्खा रोल गेला. फिल्मचं टोक चाकावर नीट अडकलं नव्हतं. मी छत्तीस खटके ओढले आणि फिल्म जागची हलली नव्हती. रोल भरून दार लावलं की खटका ओढताना डाव्या हाताची रिवाइंडची कळ उलटी फिरतेय का ते बघा. फिरली नाही तर पहिला फोटो काढायच्या आधीच दार उघडून टोक पुन्हा अडकवा.