मेल अजून जुन्याच सर्व्हरवर पडतायत: फॉरवर्ड लावायचा की रूटिंग बदलायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला, तेव्हा त्यांना नव्या मेल सर्व्हरवर जाऊन अकरा दिवस झाले होते. जर्मनीच्या बायरचे मेल येत होते, बँकेचे येत होते, सीएचेही येत होते. फक्त इचलकरंजीचा सूतवाला रोज शपथेवर सांगायचा, ‘भाव पाठवलाय’, आणि इकडे काहीच नाही. त्याच्याकडे मेल परतही गेला नव्हता. शिवाय वेबसाइटवरच्या फॉर्मवरून अकरा दिवसांत एकही चौकशी आलेली नाही. शेठ म्हणाले, “सीझनच थंड आहे.”

जुन्या वेबमेलला लॉगिन केलं. सतरा चौकशा आणि सूतवाल्याचे चार मेल तिथं आरामात बसले होते.

कारण दोन्हींचं एकच. वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच ठेवली होती आणि योगायोगानं सूतवाल्याचं डोमेनही त्याच होस्टिंगच्या त्याच मशीनवर. बाहेरचं जग एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवर टाकायचा ते सांगणारी नोंद) बघून मेल पाठवतं, त्यामुळे जर्मनीचा मेल बरोबर पोचतो. पण एखादं डोमेन सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत ‘लोकल’ म्हणून असेल तर तो एमएक्स विचारायलाच जात नाही, मेल आपल्याच पोटात टाकतो. गाळा बदलला, पाटी नव्या गाळ्यावर लागली, पण जुन्या गेटवरच्या वॉचमनला कुणी सांगितलंच नाही. आवारातल्या आवारात आलेलं पाकीट तो “साहेब आत आहेत” म्हणत घेतोय.

होस्टिंगवाल्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं: “प्रोपगेशन चालू आहे, ४८ तास थांबा.” म्हणजे बदल जगभरच्या सर्व्हरांपर्यंत पोचतोय. जुन्या एमएक्सचा टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) १४४०० असेल तर ते सेकंद आहेत, म्हणजे चार तास. बदल कालच केला असेल तर थांबा जरूर. अकरा दिवसांनी तेच उत्तर मिळालं तर फोन ठेवून द्या. त्याआधी कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप या कमांडनं एमएक्स तेवढे बघून घ्या. यादीत जुना सर्व्हर ‘असू दे बॅकअप’ म्हणून २० या प्राधान्याच्या आकड्यानं राहिला असेल तर काढून टाका. लहान आकडा आधी हा नियम खरा, पण नवा सर्व्हर क्षणभर गप्प बसला की मेल जुन्याकडे जातो, आणि स्पॅमवाले तर मुद्दाम मोठ्या आकड्याचं दार ठोठावतात.

एमएक्स स्वच्छ आहे आणि तरीही ठराविक लोकांचेच मेल जुन्याकडे जातायत, असं असेल तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: जुन्यावरून फॉरवर्ड लावणं किंवा रूटिंग बदलणं. तिसरी, म्हणजे एमएक्स परत जुन्याकडे वळवणं, मी मोजत नाही. त्यानं अर्धे मेल इथं आणि अर्धे तिथं होतात आणि ते निवडत बसण्यात महिना जातो.

फॉरवर्डचं आकर्षण मला कळतं. जुन्या मेलबॉक्सवर लावला की पाच मिनिटांत मेल नव्याकडे दिसायला लागतात. पण लावताना पहिली ठेच इथंच लागते: info हाच पत्ता त्याच डोमेनवर फॉरवर्ड केला तर जुना सर्व्हर तो पुन्हा स्वतःचाच समजतो आणि मेल गोल फिरतो. त्यासाठी नव्या सेवेचा पर्यायी पत्ता लागतो. मायक्रोसॉफ्टकडे तो ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’च्या शेपटीचा असतो, गूगलकडे ‘टेस्ट-गूगल-ए’च्या. दुसरं, फॉरवर्ड झालेला मेल नव्या सर्व्हरला जुन्या मशीनकडून आलेला दिसतो, म्हणजे पाठवणाऱ्याचं एसपीएफ (त्याच्या डोमेनचे मेल कोणती मशीनं पाठवू शकतात याची यादी) तिथं जुळत नाही. त्याची डीकेआयएम ही डिजिटल सही शाबूत असेल तर निभावतं, नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं या बाबतीत हात आखडला आहे, तेव्हा ‘आमचं तर चालतं’ हा जुना अनुभव धरून बसू नका. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. नव्या सर्व्हरवर export नावाचा आयडी काढला, जुन्यावर तो कधी नव्हताच. सूतवाल्यानं त्यावर मेल टाकला की जुनं मशीन सरळ सांगणार, असा कुणी इथं राहत नाही. त्याला फॉरवर्ड काय करणार?

रूटिंग बदलणं हे मूळ दुखण्यावरचं औषध. सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ उघडायचं, डोमेन निवडायचं, ‘लोकल’वरचा ठिपका ‘रिमोट मेल एक्सचेंजर’वर न्यायचा, बदल सेव्ह करायचा. ‘ऑटोमॅटिक’वर भरवसा ठेवू नका, तो अंदाज बांधतो. मध्येच मेल हरवतील ही भीती बहुतेकांना असते, पण पुढचा सर्व्हर तात्पुरता बंद असला तरी पाठवणारा मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणित पद्धतीत चार-पाच दिवस.

फुकट मात्र हेही नाही. जुन्या डब्यात पडलेले मेल आपोआप चालत येत नाहीत. आम्ही ते थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती आयमॅपनं जोडून ओढले. आणि वेबसाइटचा फॉर्म आता बाहेरून नव्या सर्व्हरकडे यायला लागतो, तोही तुमच्याच डोमेनच्या नावानं. एसपीएफमध्ये वेबसाइटच्या मशीनचा आयपी नसेल तर तुमच्याच चौकशा तुमच्याच स्पॅममध्ये. तो आयपी असलेल्या एसपीएफ ओळीतच घाला. दुसरी ओळ वेगळी लिहिलीत तर दोन्ही बाद होतात. त्याहून चांगलं म्हणजे फॉर्मला नव्या सर्व्हरचं लॉगिन देऊन एसएमटीपीनं पाठवायला लावणं.

मग फॉरवर्ड कधी? एकाच परिस्थितीत: पॅनेलचा पासवर्ड वेबसाइट बनवणाऱ्या पोराकडे आहे, तो पुण्याला गेलाय आणि फोन उचलत नाही. वेबमेलचा पासवर्ड तुमच्याकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी तिथूनही फॉरवर्ड लावता येतो. तेवढ्यापुरता लावा, प्रत जुन्यातही राहू द्या, आणि पोराला शोधून काढा. मेलबॉक्स चार असोत की चाळीस, पॅनेल हातात असेल तर फॉरवर्डच्या वाटेला जाऊ नका.

आम्ही त्याच दुपारी रूटिंग बदललं. सूतवाल्याला सांगितलं, परत पाठव. तीन मिनिटांत मेल नव्या डब्यात. फॉर्म भरून बघितला, तोही आला. शेठनी चहा आणि वर शेंगाचटणीची पुडी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंटवाल्या काकांचा फोन. “अहो, काल काय केलंत? पर्चेसचे मेल बंद झाले.” जाऊन बघितलं, तर त्यांचं आउटलुक अजून जुन्याच सर्व्हरवरून पॉपनं मेल उतरवून घेतंय. सूतवाल्याचे चारही मेल काकांनी अकरा दिवसांत वाचले होते.

“मग शेठना सांगितलं का नाहीत?”

“मला काय माहीत त्यांना येत नाहीत म्हणून? मला तर रोज येत होते.”