‘हॅमस्ट्रंग’ अडला तर कोणता कोश उघडावा?

‘द कमिटी वॉज हॅमस्ट्रंग बाय लॅक ऑफ फंड्स’, म्हणजे पैशाअभावी समितीला काही करता येईना. इंग्रजी अग्रलेखात असं वाक्य आलं की मोबाइलवरचे फुकट इंग्रजी-मराठी कोश बहुधा मांडीमागचा स्नायू काढून दाखवतात. वानखेडेवर वेगवान गोलंदाज लंगडत बाहेर गेला असेल तर ठीक. समितीचा स्नायू कसा दुखावणार? नाम आणि क्रियापद यांची नोंद वेगळी नसेल, तर तो कोश या कामाचा नाही.

मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशात ‘हॅमस्ट्रिंग’ हे क्रियापद स्वतंत्र आहे. अर्थ दोन: पायाची शीर तोडून लंगडं करणं आणि निष्प्रभ करून टाकणं. शब्द वाढलाही याच क्रमाने. ‘हॅम’ म्हणजे गुडघ्यामागची बाजू, ‘स्ट्रिंग’ म्हणजे तिथली शीर. ती कापली की जनावर पळू शकत नाही. या कोशाच्या ॲपमध्ये अर्थ नेटशिवाय दिसतो, त्यामुळे लोकलमध्ये रेंज गेली तरी अडत नाही. उच्चार ऐकायला मात्र नेट हवं.

केंब्रिज कोशाच्या साइटवर लाक्षणिक अर्थ सोप्या इंग्रजीत मिळतो, शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार. जाहिरातींचा त्रास आहे, तरी रोजच्या वाचनाला हाच बरा.

वापराची मेख कोशात सहज सापडत नाही. हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी येतं आणि कारणामागे ‘बाय’ लागतं. भूतकाळी रूप ‘हॅमस्ट्रंग’. ‘हॅमस्ट्रिंग्ड’ लिहिलं तर संपादक खूण करणारच. माणूस, संस्था, योजना, तपास यांना ते चालतं. फोनमधलं नोटिफिकेशन बंद करायचं असेल तर तिथे साधं ‘डिसेबल’च.

मराठी करताना कर्ता बघावा. समितीचे ‘हात बांधले गेले’ छान बसतं, पण योजनेला हात नसतात. तिला ‘खीळ बसली’. कोशातलं ‘अपंग केले’ जसंच्या तसं उचललं तर वाक्य बेढब होतं, वर कुणाला लागेलही.

छापील कोशच हवा असेल तर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुने मिळतात. भाव करण्याआधी ‘एच’चं पान उघडावं. ‘हॅमस्ट्रिंग’च्या नोंदीत ‘हॅमस्ट्रंग’ हे रूप छापलेलं नसेल तर कोश होता तिथे ठेवावा.